नामदार नाना शंकरशेट : अस्थिर काळातील संयमी लोकाग्रणी

ग्रँट रोड स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडले की थोड्याच अंतरावर नाना चौक लागतो. तेथून एक रस्ता गवालिया टँककडे जातो, एक ताडदेवकडे, तर एक गिरगावच्या दिशेने वळतो. गिरगावातील मुख्य रस्त्यालाही जगन्नाथ शंकरशेट यांचेच नाव आहे. रोज हजारो माणसे या वाटेने देवदर्शनाला, शाळेला, दुकानाला जातात. ज्यांच्या नावाचा उच्चार दिवसातून दहा वेळा होतो ते नाना कोण होते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. मुंबईला शाळा, महाविद्यालय, रेल्वे, उद्यान, संग्रहालय मिळवून देणारे दानशूर गृहस्थ एवढी त्यांची ओळख बहुतेकांना असते. ती खरी आहे, परंतु पुरेशी नाही. राज्यकर्ते कोण राहणार आणि कायदा कसा होणार, याचा भरवसा नसलेल्या काळात लोकांची गाऱ्हाणी संस्थेच्या मार्फत, लेखी, पुराव्यानिशी आणि सर्व जातिधर्मांच्या वतीने सरकारपुढे मांडण्याची रीत त्यांनी मुंबईत रुजवली. सार्वजनिक संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या चरित्राचा हा भाग विशेषकरून अभ्यासावा असा आहे.

वारसा आणि जबाबदारी

जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. त्यांचे घराणे दैवज्ञ समाजातील, मूळ आडनाव मुरकुटे. अठराव्या शतकात हे घराणे मुंबईत येऊन स्थिरावले. वडील शंकरशेट यांनी व्यापारात अमाप संपत्ती मिळवली आणि सचोटीबद्दल लौकिकही मिळवला. नाना चौकाजवळचे भवानीशंकर मंदिर हे या घराण्याच्या धर्मनिष्ठेचे आजही उभे असलेले स्मारक आहे.

१८२२ साली वडिलांचे निधन झाले तेव्हा नाना अवघे १९ वर्षांचे होते. पेढी, मालमत्ता आणि घराण्याची पत हे सारे त्या वयात त्यांच्या अंगावर पडले. त्यांनी ते समर्थपणे सांभाळले. अरब आणि अफगाण व्यापारीही आपला पैसा त्यांच्याकडे विश्वासाने ठेवत, अशी त्यांची ख्याती होती. व्यवहारातील ही पत पुढे सार्वजनिक जीवनातील त्यांची सर्वांत मोठी शिदोरी ठरली. ज्याच्या शब्दावर बाजार चालतो त्याच्या अर्जाकडे सरकारलाही दुर्लक्ष करता येत नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखले असावे.

विद्येचे काम

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि मुंबई इलाख्यात कंपनी सरकारचा अंमल पक्का झाला. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. नव्या राजवटीत शिक्षण कोणते असावे, ते कोणत्या भाषेत असावे आणि त्याचा खर्च कोणी करावा, हे सारेच प्रश्न तेव्हा अनिर्णित होते. १८२२ साली मुंबईत एतद्देशीयांसाठी शाळा काढणारी व पुस्तके तयार करणारी मंडळी स्थापन झाली आणि तरुण नाना तिच्या कामात सामील झाले. एल्फिन्स्टन मुंबई सोडून निघाले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ उच्च शिक्षणासाठी लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले. त्या निधीतून पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालय आकाराला आले. या साऱ्या उद्योगात नाना अग्रभागी होते.

१८४० मध्ये सरकारने शिक्षण मंडळ नेमले. त्यावर तीन हिंदी सभासद होते : नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान अशी ही त्रयी होती. या मंडळावर नाना ते मंडळ असेपर्यंत राहिले.

याच मंडळात १८४७ च्या सुमारास मोठा वाद उभा राहिला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. शिक्षणाचा पैसा इंग्रजीवर खर्च व्हावा असे त्यांचे ठाम मत होते. तिन्ही हिंदी सभासद आणि कर्नल जर्व्हिस यांचे मत वेगळे होते. बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोचायचे असेल तर ते मातृभाषेतूनच दिले पाहिजे, अशी भूमिका नानांनी लेखी टिपणाद्वारे मांडली. समोर न्यायमूर्ती आणि मंडळाचे अध्यक्ष असताना एका व्यापाऱ्याने असे बोलणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. नाना स्वतः इंग्रजी विद्येचे पुरस्कर्ते होते, त्यामुळे इंग्रजीचा द्वेष म्हणून त्यांचे म्हणणे झटकून टाकता येईना. अखेर सरकारने मध्यममार्ग स्वीकारला. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्यात सामान्य जनतेच्या शिक्षणासाठी देशी भाषांना मान्यता मिळाली.

नाना कृतीनेही बोलले. एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि मुलींच्या शाळा काढण्याचे ठरवले, तेव्हा समाजात गदारोळ झाला. नाना स्वतः आचारधर्म पाळणारे, जुन्या वळणाचे गृहस्थ होते. तरीही त्यांनी आपल्या गिरगावातील वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. नानांच्या दारात शाळा भरते म्हटल्यावर टीकाकारांची तोंडे आपोआप बंद झाली.

रस्त्यावरचा क्षोभ आणि कागदावरचा अर्ज

नानांच्या तरुणपणी मुंबईत घडलेली एक घटना जैन वाचकांच्या परिचयाची आहे. १८३२ साली पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली. जीवदयेला धर्म मानणाऱ्या समाजांना आणि पारशी बांधवांनाही हे सहन झाले नाही. जून महिन्यात दुकाने बंद झाली, लोक रस्त्यावर आले, लष्कराला पाचारण करावे लागले आणि काहींना शिक्षा झाल्या. या क्षोभातून कायमचा मार्ग निघाला तो मात्र वेगळ्या रीतीने. शेठ मोतीचंद अमीचंद म्हणजे मोतीशा शेठ आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८३४ मध्ये मुंबईच्या पांजरापोळची स्थापना केली. मुक्या प्राण्यांना आसरा मिळाला आणि कुत्री मारण्यावाचून दुसरा उपायच नाही, हे म्हणणेही लंगडे पडले.

संताप क्षणाचा असतो, संस्था पिढ्यान्‌पिढ्यांची असते. हा धडा त्या पिढीने घेतला. नानांच्या सार्वजनिक कार्याची घडण याच वातावरणात झाली. हिंदी लोकांना मुंबईत ग्रँड ज्युरीवर बसण्याचा आणि जस्टिस ऑफ द पीस होण्याचा हक्क १८३२ च्या कायद्याने मिळाला. त्यामागेही मुंबईकरांनी विलायतेला केलेले अर्ज होते. त्यानंतर नेमलेल्या पहिल्या हिंदी जस्टिसांमध्ये नानांचा समावेश झाला.

पुढे सोनापूरची स्मशानभूमी तेथून उठवून शिवडीला नेण्याचा सरकारचा विचार झाला. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी या भागांतील गोरगरिबांना प्रेत खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालत जावे लागले असते. नानांनी हा प्रश्न हाती घेतला आणि लोकांची अडचण सरकारपुढे नेटाने मांडली. स्मशानभूमी सोनापुरासच राहिली. मोठ्या राजकीय मागण्यांपेक्षा अशा कामामुळे सामान्य माणसाच्या मनात नानांविषयी आपलेपणा निर्माण झाला. लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना कोणी बहाल केला नव्हता, तो त्यांनी असा मिळवला होता.

सनदेचा प्रश्न

ईस्ट इंडिया कंपनीला हिंदुस्थानचा कारभार करण्याची सनद ब्रिटिश पार्लमेंटकडून मिळत असे आणि दर वीस वर्षांनी तिचे नूतनीकरण होई. १७९३, १८१३, १८३३ अशी ही परंपरा होती. पुढची मुदत १८५३ मध्ये संपणार होती. कंपनीचे राज्य राहणार की जाणार, राहिले तर कोणत्या अटींवर, आणि लोकांना त्यात काही वाटा मिळणार की नाही, याचा कोणालाच अंदाज नव्हता. लंडनमध्ये पार्लमेंटच्या समित्या साक्षी घेत होत्या. तेथे साक्ष देणारे बहुतेक सारे कंपनीचेच आजी-माजी अधिकारी होते. ज्या कोट्यवधी लोकांचे भवितव्य ठरायचे होते त्यांचे म्हणणे मांडणारे तेथे फारसे कोणी नव्हते.

कलकत्त्यात १८५१ मध्ये ब्रिटिश इंडियन असोसिएशन उभी राहिली. मुंबईनेही स्वस्थ बसू नये असे येथील सुशिक्षित तरुणांना वाटू लागले. डॉ. भाऊ दाजी लाड नुकतेच ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्या तुकडीत बाहेर पडले होते. दादाभाई नौरोजी २७ वर्षांचेही झालेले नव्हते. नौरोजी फर्दुनजी हे अनुभवी आणि अभ्यासू कार्यकर्ते होते. यांच्याजवळ विद्या होती, उत्साह होता, लेखणी होती. नव्हते ते वजन. ते नानांजवळ होते.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी एल्फिन्स्टन संस्थेत सभा भरली आणि बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांना सन्माननीय अध्यक्षपद देण्यात आले आणि प्रत्यक्ष अध्यक्षपदाची धुरा नानांकडे आली. चिटणिसाचे काम डॉ. भाऊ दाजींनी पाहिले. हिंदू, पारशी, मुसलमान, गुजराती, मराठी अशा अनेक समाजांतील व्यापारी आणि विद्वान एका टेबलाभोवती बसले. मुंबई इलाख्यातील ही पहिली राजकीय संस्था होय. नाना त्या वेळी ४९ वर्षांचे होते. शिक्षण मंडळावरील स्थान, गव्हर्नरांशी असलेले स्नेहसंबंध, रेल्वेच्या उभारणीतील सहभाग अशी सर्व प्रकारची प्रतिष्ठा त्यांना लाभलेली होती. सरकारची मर्जी गेली तर गमावण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ होते आणि नव्याने मिळवण्यासारखे फारसे काही उरलेले नव्हते. अशा स्थितीत त्यांनी हे अध्यक्षपद स्वीकारले, यातच त्यांचे मोठेपण आहे.

अर्ज आणि त्यातील मागण्या

असोसिएशनने पहिले काम हाती घेतले ते पार्लमेंटला अर्ज पाठवण्याचे. अर्जाच्या मसुद्यात भाऊ दाजींचा मोठा वाटा होता. दोन हजारांहून अधिक मुंबईकरांनी त्यावर सह्या केल्या. तारायंत्र विलायतेपर्यंत पोहोचलेले नव्हते, सुएझमार्गे जाणाऱ्या टपालाला महिना-दीड महिना लागे. तेथे काय घडले हे कळून त्यावर येथून उत्तर जाईपर्यंत तीन महिने उलटत. अशा स्थितीत अर्जातील शब्द न्‌ शब्द तोलून लिहिणे आवश्यक होते.

अर्जाचे वैशिष्ट्य असे की त्यात नुसती तक्रार नव्हती. लंडनमध्ये एकीकडे कंपनीचे संचालक आणि दुसरीकडे सरकारचे नियंत्रण मंडळ अशी दुहेरी सत्ता होती. तिच्यामुळे जबाबदारी कोणाचीच राहत नाही, खर्च मात्र वाढतो, हे अर्जाने दाखवून दिले. इलाख्याचे गव्हर्नर आणि त्यांचे कौन्सिल किरकोळ कागदपत्रांत गुरफटून जातात आणि महत्त्वाच्या गोष्टी मागे पडतात, हे सांगितले. त्यापुढे उपायही सुचवले. इलाख्याला कायदे कौन्सिल असावे आणि त्यात हिंदी सभासद असावेत. हिंदी लोकांना वरच्या दर्जाच्या सरकारी नोकऱ्यांचे दरवाजे उघडावेत. रस्ते आणि पाटबंधारे यांवर अधिक खर्च व्हावा. उच्च शिक्षणाची सोय व्हावी. घाईघाईने नवा कायदा करण्यापूर्वी पुरती चौकशी व्हावी, असाही आग्रह होता. या मागण्यांपैकी एकही अवाजवी म्हणता आली नसती आणि एकही क्षुल्लक नव्हती.

तरीही वादळ उठले. मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्रांतून असोसिएशनवर टीकेची झोड उठली. मूठभर शेटजी आणि शाळेतून बाहेर पडलेली मुले यांना लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार काय, असा सूर निघाला. अर्जाची भाषा फार तिखट झाली असे म्हणून असोसिएशनमधील काही वजनदार मंडळीही दूर झाली. संस्थेच्या जीवनातील हा क्षण सर्वांत कठीण असतो. बाहेरचा विरोध सोसता येतो, पण आपलीच माणसे उठून जाऊ लागली की चालकांचा धीर सुटतो. नानांनी गेलेल्यांशी वैर धरले नाही आणि अर्जही मागे घेतला नाही. १८५३ मध्ये असोसिएशनने पार्लमेंटकडे दुसरा अर्ज धाडला. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन डिकिन्सन यांच्या पुढाकाराने इंडिया रिफॉर्म सोसायटी स्थापन झाली आणि जॉन ब्राइट यांच्यासारख्या पार्लमेंटच्या सभासदांनी हिंदी लोकांची बाजू उचलून धरली. मुंबईच्या अर्जांना तेथे बोलणारा आवाज मिळाला.

फळ किती मिळाले

१८५३ चा सनदी कायदा झाला तेव्हा तो पाहून अर्जदारांची निराशा झाली असल्यास नवल नाही. दुहेरी सत्ता तशीच राहिली. कायदे करण्यासाठी जे मोठे कौन्सिल कलकत्त्यात निर्माण झाले त्यात एकही हिंदी सभासद नव्हता. मात्र काही गोष्टी बदलल्या. कंपनीला या वेळी वीस वर्षांची मुदत मिळाली नाही, पार्लमेंट दुसरी व्यवस्था करीपर्यंतच कारभार तिच्या हाती राहील असे ठरले. मुलकी सेवेतील नेमणुका संचालकांच्या वशिल्याऐवजी स्पर्धा परीक्षेने व्हाव्यात हे तत्त्व मान्य झाले. परीक्षा लंडनला होणार असल्याने हिंदी तरुणांसाठी ते दार अर्धवटच उघडले होते, तरी दार आहे हे कायद्याने कबूल केले.

याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. या रेल्वेसाठी नाना आणि सर जमशेटजी १८४५ पासून खटपट करीत होते. नाना एकाच वेळी सरकारच्या कारभारावर टीका करणारा अर्ज पाठवत होते आणि सरकारच्या सहकार्याने रेल्वे उभारत होते. यात विसंगती नव्हती. जेथे काम चांगले तेथे साथ आणि जेथे अन्याय तेथे विरोध, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यामुळेच त्यांचा विरोध कोणाला द्वेषमूलक म्हणता आला नाही आणि त्यांच्या सहकार्याला कोणी लाचारी म्हणू शकले नाही.

सत्तावन्नचे सावट

१८५७ साली उत्तरेत उठाव झाला आणि मुंबईतही संशयाचे वातावरण पसरले. पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेट वेषांतर करून शहरात फिरत असत. ऑक्टोबरमध्ये दोन शिपायांना कटाच्या आरोपावरून एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. अशा दिवसांत नानांविषयीही कुजबूज सुरू झाली. बंडवाल्यांशी त्यांचे आतून संधान असल्याचा संशय घेतला गेला आणि चौकशी झाली. आयुष्यभर मिळवलेली पत, संपत्ती, कदाचित प्राणही एका अफवेने जाण्याचा तो प्रसंग होता. चौकशीत काहीही निष्पन्न झाले नाही. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांचा नानांवरील विश्वास कायम राहिला.

या काळात असोसिएशनचे काम जवळजवळ थंडावले. पुढच्या काळातील काही अभ्यासकांनी याबद्दल तिला दोष दिला आहे आणि तिच्या मर्यादाही दाखवल्या आहेत. ती शहरातील वरच्या वर्गाची संस्था होती, खेड्यातील रयत तिच्यात नव्हती, हे खरेच आहे. परंतु सैन्य रस्त्यावर असताना आणि संशयावरून माणसे पकडली जात असताना अर्ज लिहून काही साधले नसते, उलट संस्था आणि तिचे तरुण कार्यकर्ते दोन्ही संकटात सापडले असते. नाना त्या दिवसांत गप्प राहिले, पण त्यांची विधायक कामे थांबली नाहीत. १८ जुलै १८५७ रोजी, त्याच धामधुमीत, मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि पहिल्या फेलोंमध्ये नानांचे नाव होते. उच्च शिक्षणाची जी मागणी पाच वर्षांपूर्वी अर्जात केली होती, ती अशी वाटेला लागली.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून राणीचा जाहीरनामा वाचला गेला आणि कंपनीचे राज्य संपले. ज्या दुहेरी सत्तेवर मुंबईच्या अर्जाने बोट ठेवले होते ती इतिहासजमा झाली. ती एका अर्जाने गेली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र मुंबईकरांनी ते सहा वर्षे आधी लिहून ठेवले होते.

कौन्सिलात

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने प्रांतिक कायदे कौन्सिले स्थापन झाली आणि त्यात बिनसरकारी सभासद नेमण्याची तरतूद झाली. मुंबईच्या कौन्सिलची पहिली बैठक जानेवारी १८६२ मध्ये टाउन हॉलमध्ये भरली. पहिल्या हिंदी सभासदांमध्ये नामदार जगन्नाथ शंकरशेट होते. दहा वर्षांपूर्वी ज्या हक्कासाठी त्यांनी सह्या गोळा केल्या होत्या, त्याच हक्काने ते त्या दालनात बसले. हा हक्क अपुरा होता. सभासद निवडलेले नसून नेमलेले होते आणि त्यांचे अधिकार मोजके होते. तरी मिळाले ते घ्यावे आणि पुढचे मागत राहावे, ही नानांची पद्धत येथेही दिसते. मुंबईच्या नगरपालिकेसंबंधीचा १८६५ चा कायदा तयार होताना त्यांनी शहराच्या गरजांचा आपला दीर्घ अनुभव कौन्सिलपुढे ठेवला.

याच काळात भायखळ्याला राणीचा बाग आणि त्याच्या आवारातील संग्रहालय यांची उभारणी सुरू होती. त्या दोन्ही कामांत नाना आणि भाऊ दाजी खांद्याला खांदा लावून होते. लालबाग, परळ, दादरकडून येणारी मुले आज सुट्टीच्या दिवशी त्या बागेत खेळतात. पूर्वी व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्हणून ओळखले जाणारे ते संग्रहालय आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते.

अखेर आणि वारसा

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात शेअरचा सट्टा बोकाळला. युद्ध संपताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा सौद्यांचा दिवस उजाडला आणि अनेक मातब्बर पेढ्या एका दिवसात बुडाल्या. शेठ प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या थोर जैन दानशूरालाही त्या पडझडीची मोठी झळ बसली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि राजाबाई टॉवरला त्यांनी दिलेले दान मात्र चिरंतन राहिले. मुंबई अशी हादरलेली असतानाच ३१ जुलै १८६५ रोजी नाना शंकरशेट यांचे निधन झाले. त्यांना ६२ वर्षांचे आयुष्य लाभले.

त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकला संस्कृतात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरू झाली. अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी तिचे स्वप्न पाहिले. टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा उभा राहिला. मुंबई सेंट्रल स्थानकाला त्यांचे नाव देण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला.

खरे स्मारक मात्र वेगळेच आहे. बॉम्बे असोसिएशन नानांच्या पश्चात काही काळ निद्रिस्त राहिली. १८६७ मध्ये नौरोजी फर्दुनजी आदींनी तिला पुन्हा जागे केले. जानेवारी १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन निघाली आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमून काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. नाना चौकातून ते ठिकाण पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. १८५२ च्या सभेत तरुण कार्यकर्ता म्हणून वावरलेले दादाभाई या अधिवेशनातही होते आणि पुढे ते तीन वेळा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नानांनी ज्यांना सावली दिली ती रोपे अशी वृक्ष झाली.

संस्था चालवताना प्रतिकूल काळ येतोच. सरकारे बदलतात, कायदे बदलतात, साथीदार दुरावतात, खोटे आरोपही होतात. अशा वेळी काय करावे, याचे उत्तर नानांच्या चरित्रात मिळते. आधी आपले काम इतके चोख ठेवावे की आपल्या शब्दाला वजन यावे. मागणी अभ्यासपूर्वक आणि उपायासह मांडावी. एकट्या समाजासाठी न मागता सर्वांना सोबत घेऊन मागावे. आपल्या हयातीत फळ दिसले नाही तरी रोप लावण्याचे थांबवू नये. पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या कोणत्याही संस्थेला पुढच्या पन्नास वर्षांसाठी यापेक्षा चांगली शिदोरी मिळणे कठीण. नाना चौकातून जाताना क्षणभर थांबून या लोकाग्रणीला मनोमन वंदन करावे, इतके त्यांचे ऋण या शहरावर निश्चितच आहे.